पालेभाजी, सारखी

११ फेब्रुवारी. संध्याकाळी पाच वाजता मी मागच्या अंगणात चटई टाकून पालक निवडायला बसले. वीस जुड्या पालक, आठ जुड्या आंबट चुका. दुसऱ्या दिवशी सासूबाईंची तेरवी होती. निवडून तेवढं ठेवा, धुणं-कापणं आम्ही पाहू, असं स्वयंपाकी सांगून गेला होता. जेवणात काय काय असावं ते माझ्या नवऱ्यानं ठरवलं होतं : पुरी, वडे, वांग्याची भाजी, बुंदी आणि पातळभाजी. "माय रोज खात होती. पातळभाजी पाहिजेच," तो म्हणाला होता.

शेजारच्या बायका मदतीला येतो म्हणत होत्या. मी नको म्हटलं. हात कामात असले की मला बरं वाटतं, आणि हे काम करताना मला कुणाशी बोलायचं नव्हतं.

माझ्या बाजूला प्लास्टिकच्या पिशवीत दोन वस्तू होत्या. एक, नवऱ्यानं लिहिलेल्या अर्जाचा कच्चा मसुदा आणि त्याच्यासोबत चार कोरे फुलस्केप कागद. दुसरी, माझी वही. अर्ज सासूबाईंना तपासणाऱ्या डॉक्टरविरुद्ध होता. "गोळीचा डोस वाढवल्यामुळे माझ्या आईच्या मेंदूत रक्तस्राव होऊन ती मरण पावली," असं त्यात होतं. मी शाळेत शिकवते, अक्षर चांगलं आहे, म्हणून अर्ज स्वच्छ उतरवून द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. तेरवी आटोपली की तेरा तारखेला तो दवाखान्याच्या वरच्या साहेबांकडे नेऊन द्यायचा, असं ठरलं होतं.

अर्जात लिहिलेलं खोटं नव्हतं. डोस वाढवला होता. पण त्यापुढचं एक वाक्य त्यात नव्हतं, आणि ते मला एकटीलाच माहीत होतं.

चार वर्षांपूर्वी नागपूरला सासूबाईंच्या हृदयाची एक झडप बदलली. धातूची बसवली. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. रक्त घट्ट झालं तर गुठळी, फार पातळ झालं तर आतल्या आत रक्तस्राव. मधली वाट अरुंद आहे. दर महिन्याला रक्त तपासायचं, एक आकडा येतो, तो त्यांच्या बाबतीत अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. खाली गेला तर गोळी थोडी वाढवायची, वर गेला तर कमी करायची. एवढं मला पहिल्याच दिवशी समजलं होतं.

दवाखान्यातून सोडताना तिथल्या सिस्टरनं भराभर सूचना सांगितल्या. मी शाळेच्या पाठ टाचणाच्या जुन्या वहीत उरलेल्या पानांवर त्या उतरवून घेतल्या. मोठी वाक्यं लिहायला वेळ नव्हता. गोळी – संध्या. ७. चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही. अंगदुखीची गोळी मनानं नाही. काढा, झाडपाला – विचारून. पालेभाजी सारखी.

ती वही मी चार वर्षं सांभाळली. आकडे, तारखा, डोस, सगळं त्यात आहे. घरात माझी चेष्टा व्हायची. सासूबाई म्हणायच्या, "माही पत्रिका हाये ते. ब्राह्मनापाशी नाई, सुनेपाशी हाये."

या दिवाळीपर्यंत त्या अल्लीपूरच्या पलीकडे आमच्या गावी, धाकट्या मुलाकडे राहायच्या. आकडा बहुतेक ठीक असायचा. पावसाळ्यात त्यांचे उरलेले सगळे दात काढावे लागले. तेही डॉक्टरांना विचारून, नीट काळजी घेऊन झालं. मग कवळी बसवायची म्हणून आम्ही त्यांना वर्ध्याला आणलं आणि इथंच ठेवून घेतलं. कवळी काही त्यांना जमली नाही. जेवायच्या वेळी त्या ती काढून वाटीत ठेवायच्या. भाकरी चावता यायची नाही. मी सकाळी साडेनऊला शाळेत जायची, नवरा पंचायत समितीत. आम्ही गेलो की त्या स्वतःसाठी वेगळं शिजवून घ्यायच्या, आणि संध्याकाळचंही मी यायच्या आत जेवून घ्यायच्या. संध्याकाळी मी आले की ओट्यावर एक लहान गंज धुऊन पालथा घातलेला दिसायचा. म्हातारं माणूस आपलं आपण करून खातंय, याचं मला समाधान होतं.

नोव्हेंबरमध्ये आकडा आला एक पूर्णांक सात. म्हणजे कमी.

तपासणारी डॉक्टर तरुण होती, बोलण्यावरून लातूरकडची वाटायची. गर्दी पुष्कळ असायची, तरी ती प्रत्येकाला खुर्चीवर बसवून विचारायची. तिनं विचारलं, "आजी, गोळी चुकते का?"

"नाई वो बाई. सून देते रोज. परीक्षेच्या पेपरावानी घड्याळ पाहून देते."

"पालेभाजी जास्त होते का खाण्यात?"

"पालेभाजी?" सासूबाईंनी तोंड उघडून हिरड्या दाखवल्या. "हे पाह्य. मी पालेभाजी कायनं खाऊ?"

डॉक्टर हसली. मीही हसले. मीच सांगितलं, "नाही हो, दिवाळीपासून पालेभाजी नाहीच." मी डब्यात मेथी नेते तीसुद्धा त्यांच्या ताटात नसायची. डॉक्टरनं डोस वाढवला. पंधरा दिवसांनी आकडा दोनच्या खालीच. पुन्हा वाढवला. डिसेंबरच्या शेवटी आकडा आला दोन पूर्णांक आठ. डॉक्टर म्हणाली, आता छान आहे, हाच डोस ठेवू, महिन्याभरानं या. मी वहीत लिहिलं आणि खाली लाल रेघ मारली. शाळेत बरोबर उत्तराखाली मारते तशी.

जानेवारीचा पहिला रविवार. मी घरी होते. सासूबाईंच्या उजव्या हाताला मुंग्या येत होत्या, म्हणून त्यांनी मला हाक मारली.

"अवं, एवढा पालक निवडून दे मले."

"कशाला?"

"पातळभाजीले."

आमच्याकडची पातळभाजी ज्यांनी खाल्ली नसेल त्यांच्यासाठी सांगते. पालक आणि आंबट चुका तुरीच्या डाळीत शिजवून घोटायचा, थोडं बेसन लावायचं, भिजवलेले शेंगदाणे टाकायचे, वरून लसणाची फोडणी. वाटीत वाढतात, वरणासारखी भातावर घेतात. चावावी लागत नाही.

मी हातातल्या जुडीकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, हे तुम्ही रोज खाता?"

"मंग काय खाऊ? दोन्ही टाइम तेच खातो. तो आणून देते ना पालक, एक दिवसाआड."

"अहो, मग डॉक्टरनी विचारलं तेव्हा पालेभाजी खात नाही का म्हणालात?"

"पालेभाजी कुठं खातो मी?" त्या खरोखर चकित झाल्या होत्या. "पालेभाजी म्हनजे सुकी. मेथीची, तांदुळज्याची. हे तं पातळभाजी होय. वरनाच्या जागी खातात हे."

त्या खोटं बोलत नव्हत्या. आणि गंज रोज माझ्या डोळ्यांसमोर पालथा असायचा, त्यात काय शिजलं ते मी कधी विचारलं नव्हतं. मलाही विचारलं असतं तर मीही पातळभाजीला पालेभाजी म्हटलं नसतं. आमच्या लग्नाच्या पंगतीत पातळभाजी असते, पालेभाजी नसते.

मी उठून वही काढली. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात होतं : पालेभाजी सारखी. मी ते मला वाटलं तसं वाचलं. सारखी म्हणजे पुन्हा पुन्हा. पालेभाजी सारखी खाऊ नये. घाईत 'नको' लिहायचं राहिलं असेल, असं मी धरलं. मुलं गणितात एकक लिहायचं विसरतात, तसं.

"आजपासून बंद," मी म्हटलं.

"एकदम बंद?"

"एकदम. म्हणूनच आकडा खाली येत होता. तुमच्या पातळभाजीमुळे गोळीचं काम होत नव्हतं."

"शाळंतल्या पोराईवानी नोको बोलू मले."

"पोरंही ऐकतात, आई."

पालक मी शेजारी देऊन टाकला. नवऱ्याला सांगितलं, हिरवं काही आणायचं नाही. वहीत लिहिलं : ४ जाने. पातळभाजी बंद. डॉक्टरला फोन करावा असं मनात आलंच नाही. आकडा चांगला होता, मी त्याला आणखी मदतच करत होते. महिन्याच्या तपासणीला गेलो की सांगायचं, असं ठरवलं. चूक सापडली आणि ती दुरुस्त केली, याचं मला त्या दिवशी चक्क बरं वाटलं.

सासूबाईंनी दोन दिवस तोंड फुगवलं. मग पोळी वरणात कुस्करून खायला लागल्या. अर्धी खायच्या, उरलेली गाईला. जेवणावरची वासना उडाली होती. संध्याकाळी गोळी द्यायला गेले की म्हणायच्या, "एक वाटी तं दे वो. वाटीभरानं काय होते?"

"वाटीभरानंच होतं," मी म्हणायची.

वीस तारखेच्या सुमारास त्यांच्या हिरडीतून रक्त आलं. उशीच्या अभ्र्यावर डाग दिसला. मी म्हटलं, कवळी टोचत असेल. "टोचतेच ते. तिले काय, फुकटचं तोंड भेटलं," त्या म्हणाल्या. शनिवारी कवळीवाल्याकडे जायचं ठरवलं. नंतर दंडावर निळा डाग दिसला. दाराला लागलं असेल, असं त्याच म्हणाल्या. मी वहीत यातलं काहीच लिहिलं नाही. वहीत आकडे आणि आपण काय बदललं तेवढंच लिहायचं, असा माझा नियम होता.

अठ्ठावीस जानेवारीला दुपारी शाळेत नवऱ्याचा फोन आला. त्या दिवशी तो जेवायला घरी गेला होता. "माय उलट्या करून राह्यली. डोकं धरून बसली. बोलनं समजून नाई राह्यलं." मी पोहोचले तोवर त्यांना दवाखान्यात नेलं होतं. आकडा आठच्या वर गेला होता. डोक्याच्या फोटोत रक्त साकळलेलं दिसत होतं. रक्त गोठावं म्हणून औषधं दिली, पण व्हायचं ते आत होऊन गेलं होतं.

बाहेरच्या जागेत ती डॉक्टर आमच्याजवळ आली. तिचा चेहरा उतरला होता. तिनं एकेक विचारलं. नवीन औषध? दुखण्याची गोळी? ताप-खोकल्याचं काही? गावठी औषध? नाही, नाही, नाही. मी खरं सांगत होते.

"खाण्यात काही बदल?"

माझ्याआधी नवराच बोलला. "खातच कुठं होती? अर्धी पोळी."

"कधीपासून?"

"झाले पंधरा-वीस दिवस."

"मला सांगायला हवं होतं हो," ती म्हणाली. रागानं नाही. "ही गोळी एकटी काम करत नाही. वय, वजन, लिव्हर, दुसरी औषधं, ताटात काय येतं, सगळं मिळून ती किती लागणार ते ठरतं. डोस आपण त्यांच्या जेवणासकट ठरवलेला असतो. जेवण बदललं की तोच डोस जास्त होतो. म्हणून तर सांगतो, पालेभाजी खा, पण सारखी खा. आज भरपूर, उद्या बंद, असं नको."

माझ्या हातात चहाचा थर्मास होता. त्याचं झाकण मी घट्ट बसवलं. आधीच बसलेलं होतं. पातळभाजी मी बंद केली, हे वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. मी ते बोलले नाही. सांगून आता काय होणार, असं स्वतःला म्हटलं. खरं म्हणजे नवरा शेजारी उभा होता.

रात्रीच्या वेळी दवाखान्यात एकाच माणसाला थांबू देतात. नवरा थांबला. मी घरी आले, वही उघडली. पालेभाजी सारखी. चार वर्षांपूर्वी लिहिताना मला नक्की माहीत असणार, सिस्टरनं काय सांगितलं ते. सारखी म्हणजे समान. वाक्य पूर्ण होतं. त्यात 'नको' राहिलेलं नव्हतं, ते मी घातलं.

गोळी वाढत गेली ती पातळभाजीला पुरून उरावी म्हणून. मग मी पातळभाजी काढून घेतली आणि गोळी तशीच ठेवली. रोज संध्याकाळी सातला, घड्याळ पाहून, पाण्याच्या पेल्यासकट मीच दिली.

एकतीसला पहाटे त्या गेल्या. शुद्धीवर आल्याच नाहीत.

मग माणसं भेटायला येत गेली. नवरा दारातल्या खुर्चीवर बसून प्रत्येकाला तेच सांगायचा. "गोळी वाढवली अन् माय गेली. चांगली चालती-बोलती होती." येणारी माणसं डॉक्टरला दोन शिव्या द्यायची. मी चहा आणायची. दिवस जातील तसं ते वाक्य पक्कं होत गेलं, आणि दहाव्यानंतर त्याचा अर्ज झाला.

पालक निवडताना हे सगळं पुन्हा क्रमानं मनात लावून पाहिलं. वीस जुड्यांना वेळ लागतो. पिवळी पानं बाजूला, मुळं बाजूला, मातीचे देठ बाजूला. शेवटच्या जुड्या मी न पाहताच निवडल्या असणार, कारण नंतर टोपलीत दोन अख्खी मुळं सापडली. सात वाजले तशी सवयीनं उठले आणि पाण्याचा पेला भरला. मग तो तुळशीत ओतला.

अर्ज उतरवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला नवरा अंगणात बसला होता. मी चहा दिला आणि चार जानेवारीचं पान उघडून वही त्याच्या मांडीवर ठेवली.

"हे काय?"

"वाचा."

त्यानं वाचलं. "पातळभाजी बंद. मंग?"

मी सांगितलं. चार-पाच वाक्यांत सांगून झालं. इतके दिवस ते फार लांबलचक वाटत होतं.

"पालक तं मी आनत होतो," तो म्हणाला.

"हो."

"अन् बंद तू केली."

"हो."

"डॉक्टरनीले सांगतलं नाई."

"नाही. तिनं विचारलं तेव्हाही नाही."

 मुंडण केलेल्या डोक्यावर बारीक केस आले होते, त्यावरून तो हात फिरवत राहिला. मग विचारलं, "माय काई म्हनत होती?"

"एक वाटी तरी दे म्हणायच्या."

त्यानं कप खाली ठेवला आणि न्हाणीघरात गेला. नळ पुष्कळ वेळ वाहत होता. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. पिशवीतून त्यानं अर्जाचा मसुदा काढला. फाडला नाही. चार घड्या घालून खिशात ठेवला. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "फुलस्केप तुह्यापाशीच ठेव." एवढंच. त्यानंतर त्या दिवशी तो माझ्याशी कामापुरतं बोलला, आणि अजूनही पुष्कळदा कामापुरतंच बोलतो.

स्वयंपाकी आले, त्यांना टोपल्या दाखवल्या. पंगत बारा वाजता होती. साडेआठला मी वही आणि कोरे कागद घेऊन गाडीवर दवाखान्यात गेले. मला पाहून डॉक्टर उभी राहिली. भांडायला आले असं तिला वाटलं असणार, दारातला शिपाईही पुढे आला. मी खुर्चीवर बसले आणि वही तिच्यासमोर ठेवली.

तिनं ते पान दोनदा वाचलं. "पण आजी तर नाही म्हणाल्या होत्या."

"त्या खोटं बोलल्या नव्हत्या. आमच्याकडे पातळभाजीला पालेभाजी म्हणत नाहीत. सांबारही रोज पडतो भाजीत, वड्याही करतो. तो कुणी पालेभाजी म्हणून सांगणार नाही."

"सांबार म्हणजे डाळीचं ना?"

"कोथिंबीर."

 ती म्हणाली, "मी दोन वर्षं इथं हे विचारतेय."  मी तिची समजूत घातली नाही. वाईट वाटायला हवं होतं, तिलाही आणि मलाही. चार जानेवारीची नोंद तिनं सासूबाईंच्या केसपेपरवर उतरवून घेतली, माझ्या नावासकट. मीच तसं सांगितलं.

मग बाहेरच्या बाकावर बसून मी फुलस्केप कागदावर लिहायला घेतलं. अक्षर मोठं, ओळींमध्ये अंतर, लांबून दिसेल असं. रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्यांनी हे सांगावं : पातळभाजी. आंबट चुका. अंबाडी. घोळ. हरभऱ्याची भाजी, वाळलेलीसुद्धा. सांबार आणि सांबारवडी. बाकावरची एक म्हातारी माझ्या खांद्यावरून पाहत होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं म्हणत लिहिलं. ती म्हणाली, "शेवग्याचा पाला राह्यला वो, बाई." तो लिहिला.

शेवटच्या ओळीत 'सारखी' हा शब्द पेनाच्या टोकाशी आला होता. तो टाळला. लिहिलं : रोज जेवढ्या वाट्या खाता तेवढ्याच खा. कमी, जास्त किंवा बंद करायची असेल तर आधी इथे येऊन सांगा.

डॉक्टरनं चिकटपट्टी दिली. गोळ्या मिळतात त्या खिडकीशेजारी, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, मी कागद लावला. एक कोपरा सुटत होता, त्यावर आणखी एक पट्टी मारली आणि घरी निघाले. अकरापासून माणसं यायला लागणार होती.